पंखाचा आवाज आणि त्याचे खरे माप

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाने ह्या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषयाची निवड चिटणीसांनी आमच्यावरच सोपविली. ज्ञातीचा इतिहास, विद्यार्थी-साहाय्यक निधी, वधूवर-मेळावा ह्या विषयांवर बोलणारे आमच्याहून अधिकारी वक्ते ह्या सभेत बसले आहेत. आमचे आयुष्य वाऱ्याच्या व आवाजाच्या मापनात गेले. तेव्हा ज्या एका विषयात आम्ही पुष्कळ शिकलो, आणि एकदा सपशेल चुकलोही, तोच आज आपल्यापुढे मांडावा असे ठरविले आहे. विषय परका वाटेल; पण तो आपल्या घरचाच आहे, हे शेवटी आपणांस पटेल अशी आशा आहे.

प्रारंभ आपल्या पुण्यातील तांबट आळीपासूनच करू. आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांची हयात तेथे गेली. दिवसभर मठारकामाचे ठोके चालू असत आणि नवखा माणूस कानांवर हात ठेवूनच आळीतून जात असे. अशा ठिकाणी हंड्याचा झाळलेला सांधा पक्का बसला की नाही हे कसे ओळखावयाचे? भांड्यावर टिचकी मारावयाची. नाद खणखणीत आला तर भांडे निर्दोष. बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर. परंतु शेजारी दहा हातोडे चालू असताना टिचकीचा नाद ऐकू येणार कसा? आमचे आजोबा भांडे उचलून माजघरात नेत, दार लोटून घेत आणि मग टिचकी मारीत. कधी दुपारी हातोडे थांबण्याची वाट पाहत. लहान आवाज खरा ऐकावयाचा असेल तर प्रथम आपल्याभोवतीचा मोठा आवाज दूर केला पाहिजे, हे शास्त्र त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. आज आम्ही जे सांगणार आहोत ते ह्या एका वाक्याचेच विवरण होय.

आता मूळ विषयाकडे वळू. विमानाचा पंख, पवनचक्कीचे पाते, घरातील छताचा पंखा, ह्यांपैकी काहीही आडवे कापून पाहिले तर जी आकृती दिसते तिला एरोफॉइल म्हणतात. आपण तिला पंखाकृती म्हणू. पुढची कड बहुधा गोलसर आणि मागची कड धारदार, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. हवा तिच्यावरून वेगाने वाहू लागली की आवाज होतो. हा आवाज यंत्राचा नव्हे, दातेरी चाकांचा नव्हे, तर केवळ हवा आणि पंख ह्यांच्या संगतीतून निर्माण झालेला असतो. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे किंवा चाळकेवाडीच्या पठारावर ज्यांनी पवनचक्क्यांखाली उभे राहून पाहिले असेल, त्यांनी पात्यांचा तो तालबद्ध 'सूं... सूं...' ऐकला असेल. तोच हा आवाज.

वाऱ्याच्या नादाचा पहिला पद्धतशीर हिशेब १८७८ साली स्ट्रोहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने मांडला. ताणलेली तार हवेतून वेगाने फिरविली की ती गाते. वेग वाढला की सूर चढतो आणि तार जाड असली की सूर उतरतो, हे त्याने मोजून दाखविले. नादाची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, ही वाऱ्याच्या वेगास तारेच्या जाडीने भागून येणाऱ्या संख्येच्या सुमारे एकपंचमांश असते. हा साधा नियम आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे ह्याच नियमाने आमची फजिती केली.

पंखाकृतीचा आवाज मात्र तारेच्या गाण्याइतका सरळ नाही. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो; त्याला सीमास्तर म्हणतात. ह्या थरात लहानमोठ्या असंख्य भोवऱ्यांची खळबळ चालू असते. हे भोवरे मोकळ्या हवेत असतात तोवर फारसा आवाज करीत नाहीत. परंतु ते पंखाच्या धारदार मागच्या कडेवरून निसटले की त्यांच्या दाबाचे रूपांतर मोठ्या कार्यक्षमतेने ध्वनीत होते. फॉक्स विल्यम्स आणि हॉल ह्या दोघांनी १९७० साली ह्या क्रियेचे गणित सिद्ध केले. त्या गणितानुसार ह्या ध्वनीची शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या पाचव्या घाताप्रमाणे वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर ध्वनिशक्ती बत्तीसपट होते, डेसिबेलच्या भाषेत १५ डेसिबेलने वाढते. उलट पवनचक्कीच्या पात्याचा वेग केवळ दहा टक्क्यांनी उतरविला तर ह्या आवाजाची शक्ती सुमारे ५९ टक्क्यांवर येते. लहानसा फरक आणि मोठा परिणाम, असे हे प्रकरण आहे. म्हणूनच त्याचे माप काटेकोर हवे.

येथे डेसिबेलविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मनुष्याच्या कानास जेमतेम ऐकू येणारा ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात २० मायक्रोपास्कलचा चढउतार. त्याला शून्य डेसिबेल मानतात. आपल्या डोक्यावरील वातावरणाचा दाब ह्याच्या सुमारे पाचशे कोटीपट असतो. डेसिबेलची गणना साध्या बेरजेने होत नाही. ३ डेसिबेल वाढले की ध्वनिशक्ती दुप्पट होते आणि १० डेसिबेल वाढले की दसपट होते. साठ डेसिबेलचे दोन पंखे शेजारी लावले तर एकशेवीस नव्हे, त्रेसष्ट डेसिबेल भरतात.

आता मापनाची अडचण पाहा. वायुबोगदा, ज्याला विंड टनेल म्हणतात, तो म्हणजे एका प्रचंड पंख्याने नळकांड्यातून वारा वाहविण्याची सोय. पंखाकृतीची प्रतिकृती त्यात स्थिर ठेवावयाची आणि वारा तिच्यावरून न्यावयाचा. समजा, वाऱ्याचा वेग सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. अशा वाऱ्याने समोरच्या वस्तूवर पडणारा दाब सुमारे तीन हजार पास्कल असतो. आणि आपल्याला ऐकावयाचा आहे तो मागच्या कडेचा ध्वनी साठ डेसिबेलचा धरला, तर त्याचा दाब आहे पास्कलचा पन्नासावा हिस्सा. म्हणजे झंझावाताच्या दाबाच्या दीड लाखाव्या भागाएवढी कुजबुज आपणांस त्या झंझावातातच उभे राहून मोजावयाची आहे! शिवाय वारा वाहविणारा पंखा स्वतःच गर्जत असतो. त्या गर्जनेला वळणावळणांवर ध्वनिशोषक अस्तर लावून कितीही थोपविले तरी ती थोडीफार झिरपतेच. तांबट आळीतील टिचकीची आठवण येथे कोणासही होईल.

ह्या संकटातून वाट काढण्यासाठी बोगद्यांचे तीन प्रकार झाले. त्या प्रत्येकाचे गुण आणि दोष समजून घेणे उद्‌बोधक आहे.

पहिला प्रकार बंदिस्त बोगद्याचा. त्यात चारही बाजूंस घट्ट भिंती असतात. वारा शिस्तीत वाहतो आणि पंखावर पडणारा भार विश्वसनीयपणे मोजता येतो. परंतु ध्वनीच्या दृष्टीने हा बोगदा म्हणजे देवळाचा घुमटच. एक आवाज दहा ठिकाणी आपटून परत येतो. मायक्रोफोन भिंतीत बसवावा तर भिंतीवरून घासत जाणारा वारा त्याच्या पडद्यावरच खळबळ माजवितो. ती खळबळ म्हणजे ध्वनी नव्हे, पण मायक्रोफोनला भेद कळत नाही.

दुसरा प्रकार मोकळ्या झोताचा. नळकांड्याच्या तोंडातून वाऱ्याचा झोत एका मोठ्या खोलीत सोडतात. त्या खोलीच्या भिंती, छत आणि तळ ध्वनी गिळणाऱ्या पाचरींनी मढविलेले असतात, त्यामुळे प्रतिध्वनी उठत नाही. पंखाकृती झोतात असते आणि मायक्रोफोन झोताबाहेर, शांत हवेत उभे असतात. ही युक्ती उत्तम. तथापि तिचीही किंमत मोजावी लागते. वाहता झोत आणि स्थिर हवा ह्यांच्या सीमेवर ध्वनीचा मार्ग वाकतो, जसा पाण्यात बुडविलेला बांबू वाकलेला दिसतो. त्यामुळे मायक्रोफोन ज्या दिशेचा ध्वनी ऐकल्याचे सांगतो, ती त्याची खरी दिशा नसते. ह्या वाकण्याचा हिशेब ॲमिएट ह्यांनी १९७८ साली करून दिला आणि तो आजतागायत वापरला जातो. दुसरी अडचण अशी की, पंख हवेला खाली ढकलतो आणि मोकळा झोत त्या धक्क्याने स्वतःच वळतो. आपण पंख दहा अंशांनी कलता ठेवला असे समजतो, परंतु झोतच वळल्यामुळे पंखाला जाणवणारा कोन त्याहून पुष्कळ कमी असतो. ही दुरुस्ती न करता आकडे छापणारा मनुष्य खोटे बोलत नसतो, पण खरेही बोलत नसतो.

तिसरा प्रकार अलीकडचा आणि आपल्या स्त्रियांना विशेष आवडेल असा आहे, कारण त्यात भिंतीच्या जागी कापड आहे. गोळीप्रतिबंधक कवचांसाठी वापरतात तो केव्हलारचा धागा. त्याचे कापड चौकटीवर खंजिरीच्या चामड्यासारखे ताणून बोगद्याच्या भिंती करतात. वारा त्या कापडाला भिंत मानून आतच वाहतो, ध्वनी मात्र आरपार निघून बाहेरच्या प्रतिध्वनिहीन खोलीत ठेवलेल्या मायक्रोफोनांपर्यंत पोहोचतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठात ही पद्धत डेव्हनपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नावारूपास आणली. तेथील बोगदा मुळात १९४० साली लँगले येथील सरकारी प्रयोगशाळेत बांधला गेला होता व पुढे विद्यापीठाकडे आला. जुन्या वाड्याला नवे छप्पर घालून तो पुन्हा राहता करावा, तसा हा प्रकार. डेन्मार्कमध्ये रिसो येथे २०१८ साली सुरू झालेला एक मोठा बोगदाही ह्याच कापडी भिंतींचा आहे. पवनशक्तीचा आद्य प्रवर्तक पॉल ला कूर ह्याचे नाव त्यास दिले आहे. अर्थात कापडही निर्दोष नाही. ते उंच सुरांचा काही भाग अडवून ठेवते, पंखाच्या भाराने किंचित फुगते आणि त्यातून थोडी हवा झिरपते. हे सर्व मोजून हिशेबात धरावे लागते.

सारांश, निर्दोष बोगदा जगात नाही. आपल्या बोगद्याचा दोष कोणता आणि किती, हे जाणणारा मोजणारा मात्र असू शकतो.

ह्या क्षेत्रात सर्वाधिक वापरले गेलेले मापन लँगले येथील नासाच्या शांत-झोत बोगद्यात झाले. ब्रुक्स, पोप आणि मार्कोलिनी ह्या तिघांनी त्याचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी एकच सममित पंखाकृती निवडली, तिचे नाव नाका ००१२. रुंदीच्या १२ टक्के जाडी, एवढाच शेवटच्या दोन आकड्यांचा अर्थ. अडीच सेंटिमीटरपासून एकसष्ट सेंटिमीटरपर्यंत रुंदीच्या निरनिराळ्या प्रतिकृती करून त्यांनी त्या सेकंदाला सुमारे ७१ मीटरपर्यंतच्या वाऱ्यात ठेवल्या. लहान प्रतिकृतीवरचा सीमास्तर गुळगुळीत राहिला तर ती शिटी वाजवू लागते आणि ती शिटी मोठ्या पात्यावर सहसा आढळत नाही. म्हणून एका मालिकेत पंखाच्या पुढच्या भागावर बारीक कण चिकटवून सीमास्तर मुद्दाम खडबडीत केला आणि दुसऱ्या मालिकेत तो गुळगुळीतच ठेवला. पंखाच्या आवाजाची पाच निरनिराळी कारणे त्यांनी वेगळी केली: खळबळलेला सीमास्तर मागच्या कडेवरून जाणे, वारा पंखापासून सुटणे, गुळगुळीत सीमास्तराची शिटी, बोथट मागच्या कडेचे भोवरे आणि पंखाच्या टोकाचा भोवरा.

ह्यात त्यांनी एक सुंदर युक्ती योजली होती. मागच्या कडेचा ध्वनी पंखाच्या दोन बाजूंस उलट चिन्हाने जातो. एका बाजूस दाब वाढतो त्याच क्षणी दुसऱ्या बाजूस तो घटतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या मायक्रोफोनांच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्या की जो भाग उलटसुलट जुळतो तो मागच्या कडेचा. बाकीचा बहुतांशी परका. जात्याची घरघर चालू असताना दोन बायकांनी एकच ओवी म्हटली तर ती वेगळी ओळखता येते, तसेच हे.

ह्या प्रयोगांतील १५०३ नोंदींचा एक तक्ता आज जगभरचे विद्यार्थी यंत्राला अनुमान शिकविण्यासाठी वापरतात. आपल्यातील जे तरुण संगणकाचे शिक्षण घेत आहेत त्यांच्या हाती तो कदाचित आलाही असेल. त्यांना आमचे एकच सांगणे आहे. त्या प्रत्येक आकड्यामागे झोताच्या वळणाची, ध्वनिमार्गाच्या वाकण्याची आणि परक्या आवाजाच्या वजाबाकीची दुरुस्ती दडलेली आहे. आकडा आकाशातून पडत नाही. तो कोणाच्या तरी विवेकातून गाळून येतो.

ह्या वजाबाकीचेच उदाहरण घ्या. पंखाकृती बसवून साठ डेसिबेल भरले, ती काढून पन्नास भरले. तर पंखाचा आवाज ५९.५ निघतो आणि चूक होण्याचे भय फारसे नाही. पंखासह साठ आणि पंखाविना सत्तावन्न, तर पंखाचा वाटा सत्तावन्न, येथवर ठीक. परंतु पंखाविना एकोणसाठ भरले तर पंखाचा वाटा ५३ च्या आसपास येतो, आणि त्या एकोणसाठात अर्ध्या डेसिबेलची जरी चूक असली तरी उत्तर ५०.४ पासून ५४.७ पर्यंत कोठेही हेलकावते. व्यापारी मंडळींना हे चटकन कळेल. खर्च आणि जमा जवळजवळ सारखे असले की नफ्याचा आकडा कोणी छातीठोकपणे सांगू नये. म्हणूनच विचारी संशोधक तीन डेसिबेलहून कमी अंतर असलेली नोंद बाजूस ठेवतात.

आता आमच्या फजितीची कथा. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एका प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालो होतो. पंखाकृतीवर प्रयोग करीत असता दोन हजार हर्ट्‌झच्या आसपास एक स्वच्छ सूर आढळला. वाऱ्याचा वेग वाढवावा तसा सूर चढे. आम्ही तत्काळ निदान केले की हे बोथट मागच्या कडेचे भोवरे होत. पंख काढून पाहिले तर सूर नाहीसा झाला. वजाबाकी नामी जमली. दोन आठवडे नोंदी घेतल्या, आलेख काढले आणि निबंध लिहून वरिष्ठांच्या सहीसाठी ठेवला.

प्रयोगशाळेत एक वृद्ध मिस्त्री होते. आमच्या प्रतिकृती तेच घडवीत. मागची कड किती बारीक घासली आहे हे त्यांच्या अंगठ्याला कळे. आमचा निबंध तयार झाल्याचे ऐकून ते बोगद्यापाशी आले आणि थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, हा माझ्या पंखाचा आवाज नव्हे. कड इतकी बोथट मी ठेवलीच नाही. हा कुठल्या तरी सळईचा सूर आहे."

आम्हास प्रथम राग आला, हे लपवीत नाही. परंतु त्यांनी वाद घातला नाही. वाऱ्याचा वेग मोजणारी पाच मिलिमीटर जाडीची एक नळी पंखाच्याच चौकटीला जोडलेली होती. त्यांनी खिशातून जाड दोरा काढला, तो त्या नळीवर नागमोडी गुंडाळला आणि म्हणाले, "आता वारा सोडा." वारा सोडला. सूर गेला होता.

आम्ही खजील होऊन हिशेब मांडला. सेकंदाला पन्नास मीटर वेग, पाच मिलिमीटर जाडी आणि स्ट्रोहालचा एकपंचमांश: उत्तर बरोबर दोन हजार. वर्षानुवर्षे पाठ असलेला नियम आम्हास वेळेवर आठवला नव्हता. पंख काढताना त्याच्या चौकटीसह ती नळीही निघत होती, म्हणून वजाबाकी फसली होती. परका आवाज वजा करण्याऐवजी आम्ही तोच जमा धरला होता. दोऱ्याच्या वेढ्यांनी नळीमागचे भोवरे एकजुटीने सुटेनासे झाले आणि सूर मावळला. ही क्रिया आम्ही पुस्तकात वाचली होती. मिस्त्रींनी ती हातांनी केली. निबंध आम्ही मागे घेतला. तो छापला गेला असता तर आमच्या नावावर एक असत्य कायमचे चिकटले असते, आणि दुसऱ्या कोणी त्यावर विसंबून आपले पाते घडविले असते.

त्यानंतर आम्ही एक नेम केला. कोणतेही माप घेताना प्रथम मायक्रोफोनची ९४ डेसिबेलच्या प्रमाणित नादावर पारख करावयाची. हा नाद म्हणजे बरोबर एक पास्कलचा दाब. मग बोगद्यातील प्रत्येक वस्तू, अगदी नळी, तार आणि पट्टीसुद्धा, एकेक करून संशयित ठरवावयाची. आणि शेवटी ज्याने ती वस्तू घडविली त्याला विचारावयाचे.

आता शास्त्राने पुढची पायरी गाठली आहे. एका मायक्रोफोनाऐवजी शेकडो मायक्रोफोनांचा समूह वापरतात. एकाच ठिकाणचा ध्वनी प्रत्येक मायक्रोफोनाकडे किंचित निरनिराळ्या वेळी पोहोचतो. ते अंतर भरून काढून सर्व नोंदींची बेरीज केली की त्या ठिकाणचा आवाज उठून दिसतो आणि बाकीचे एकमेकांत विरतात. अशा समूहाने ओर्लेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ५८ मीटर व्यासाच्या एका पवनचक्कीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर ऐकू येणारा आवाज बहुतांशी पात्याच्या बाहेरच्या भागातून, परंतु अगदी टोकाच्या अलीकडून, आणि पाते खाली येत असताना निघतो, असे त्यांना आढळले. पठारावर आपण ऐकतो त्या तालबद्ध 'सूं' चे रहस्य हेच.

पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा प्रयोग प्रामाणिक तुलनेचा नमुनाच म्हणावा लागेल. ९४ मीटर व्यासाच्या एकाच चक्कीवर तीन निरनिराळी पाती बसविली. एक नेहमीचे, एक सुधारित आकृतीचे आणि एकाच्या मागच्या कडेस करवतीसारखे दाते. वारा तोच, हवा तीच, चक्की तीच; म्हणजे फरक केवळ पात्याचा. सुधारित आकृतीने सरासरी अर्धा डेसिबेल आवाज उतरला आणि दातेरी पात्याने ३.२ डेसिबेल, म्हणजे ध्वनिशक्ती निम्म्याहूनही खाली आली.

ह्या दात्यांवरून घुबडाची आठवण होते. आपण ज्याला अशुभ मानतो त्या घुबडाच्या निःशब्द उड्डाणाकडे ग्रॅहॅम ह्या इंग्रज अभ्यासकाने १९३४ साली शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. पंखाच्या पुढच्या कडेस कंगव्यासारखे दाते, मागच्या कडेस मऊ झालर आणि पृष्ठभागावर मखमली लव, ही तीन वैशिष्ट्ये त्याने नोंदविली. ज्या पक्ष्याचा आवाज कानी पडू नये असे आपण म्हणतो, त्याच्याचपासून आवाज न करण्याची विद्या घ्यावी, हा सृष्टीचा विनोदच होय.

कोणी विचारील, अर्ध्या-एक डेसिबेलसाठी एवढा खटाटोप कशास? त्याचे उत्तर असे. पवनचक्कीजवळच्या वाडीतील शेतकरी म्हणतो, रात्री झोप लागत नाही. चक्कीचा मालक म्हणतो, आवाज मर्यादेत आहे. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. ४४ आणि ४७ ह्यांतील तीन डेसिबेलांत एकाचा न्याय आणि दुसऱ्याचा अन्याय सामावलेला असतो. आता रानातला वारा स्वतः झाडांतून चाळीसएक डेसिबेल करीत असेल, तर त्यातून चक्कीचा वाटा वेगळा काढणारा मनुष्य म्हणजे एक न्यायाधीशच. त्याने परका आवाज चक्कीच्या माथी मारला तर मालकावर अन्याय. चक्कीचा आवाज वाऱ्याच्या नावावर खपविला तर त्या शेतकऱ्यावर. वायुबोगद्यात शिकलेली शिस्त तेथे माणसांच्या झोपेला आणि भाकरीला येऊन भिडते.

बंधूभगिनींनो, आपल्या ज्ञातीत आता हातोडा धरणारी घरे थोडी उरली आहेत. मुले-मुली अभियंते, डॉक्टर, हिशेबनीस झाली, ह्याचा आम्हास अभिमानच आहे. परंतु शिकलेल्या मनुष्यास कधीकधी असे वाटू लागते की, हाताचे ज्ञान खालच्या पायरीचे आणि पुस्तकाचे वरच्या. त्या मिस्त्रींच्या दोऱ्याने आमचा हा भ्रम कायमचा घालविला. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, ह्याचाही येथे मुद्दाम उल्लेख करतो, म्हणजे आम्ही स्वकीयांची स्तुती करीत आहोत असे कोणास वाटू नये. कान आणि हात ज्याने इमानाने वापरले त्याची ज्ञाती एकच.

आमच्या आजोबांनी टिचकी मारण्यापूर्वी दार लोटले. लँगलेच्या शास्त्रज्ञांनी पाचरींची खोली बांधली, व्हर्जिनियात कापडाची भिंत ताणली. साधने निरनिराळी, नियम एकच. दुसऱ्याचा दोष मोजण्यापूर्वी आपल्या घरचा गोंगाट किती आहे, हे मोजावे. ज्ञातिसभेतील तंट्यांसही हा नियम लावून पाहण्यास हरकत नाही, एवढे सुचवून आम्ही रजा घेतो.